ओलं-सुकं

प्रिय ओसाय,

पोचले. तीन हजार आठशे मीटर पोहून, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारून आणि वर बेचाळीस किलोमीटर पळून मी गेल्या रविवारी संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या कमानीखालून गेले. सकाळी सहाला तळ्यात उतरले होते, म्हणजे चौदा तास दहा मिनिटं. तू एकदा म्हणाली होतीस, "ही बाई पंधरा तासांच्या आत आली तर मी डोकं भादरून घेईन." तेव्हा कात्री शोधून ठेव.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम ही शेखी मिरवतेय, याचा तुला राग येईल. येऊ दे. पण सगळं वाच. हे मी आमच्या बोलक्या संगणकावर टंकलंय. तो प्रत्येक शब्द मला त्या खडखडीत आवाजात परत ऐकवतो, त्यामुळे लिहिलेलं पुसून टाकायचा मोह दर वाक्याला होतोय. कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

आधी श्यांगमेइताईबद्दल सांगते. पळताना, पोहताना मला आता ती नेते. वय एक्कावन्न, पोस्टात खिडकीवर बसते, तरुणपणी जिल्ह्याकडून पोहायची. तिचं तोंड कधी बंद नसतं. तू पळताना मोजकं बोलायचीस, "उजवीकडे", "उतार", "दोन पायऱ्या". ही मला अख्खं तायतुंग शहर ऐकवते. "डावीकडे वळ, समोर कुत्रं आहे, लठ्ठ आहे, मालकासारखंच दिसतंय, आता सरळ." पहिल्याच दिवशी तिनं चिंग-ह्वेइची आ-ह्वेइ करून मला ठणकावलं, "हे बघ आ-ह्वेइ, मी पोस्टातली बाई. तू माझं पार्सल. रजिस्टर. सही घेतल्याशिवाय मी तुला कुठं सोडणार नाही." आणि पळताना दोघींना जोडणारी दोरी तिनं माझ्या हातात दिलीच नाही, सरळ कमरेला बांधली आणि गाठ मागच्या बाजूला घेतली. तिला आपल्या त्या दिवसाबद्दल सगळ्यांसारखंच ऐकून माहीत होतं.

ओलं-सुकं अजून चालू आहे. नाव तू ठेवलंस, आणि आता आपला सगळा सरावाचा गट तेच म्हणतो. नवी मुलं विचारतात, "आज किती ओलं, किती सुकं?" सहाशे मीटर पोहायचं, तसंच निथळत बाहेर यायचं, बुटात पाय कोंबायचे, सुरूच्या झाडांतून तीन किलोमीटर पळायचं, बूट काढून परत पाण्यात. असं चार वेळा. यंदा श्यांगमेइताईनं सहा वेळा करायला लावलं. पहिले दोन महिने मी पाण्यातून बाहेर आले की भेलकांडायचे. बाकीच्यांना डोळे सावरून घेतात. मला पाव तास पाण्यात आडवं राहून एकदम उभं राहिलं की जमीन नक्की कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही, आणि पाय तर दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे. त्यात बुटात वाळू. तुला आठवतं ना, तू मला पाण्याबाहेर पडायच्या आधी शेवटच्या वीस हातांना पाय जोरात मारायला लावायचीस, म्हणजे रक्त खाली उतरतं? ती युक्ती मी ताईला शिकवली. ती म्हणाली, "हे कुणी शिकवलं?" मी तुझं नाव घेतलं. ती बराच वेळ गप्प पळत राहिली. ती गप्प म्हणजे काय ते तुला तिला भेटल्याशिवाय कळायचं नाही.

जानेवारीत एकदा काहीतरी जुळलं. पाचव्या फेरीला मी पाण्यातून उठले आणि जमीन जागच्या जागी होती. पाय माझेच होते. सुरूच्या सुयांवर पाऊल पडलं की जो मऊ आवाज येतो, तो एका लयीत यायला लागला आणि मी ताईला म्हटलं, "जरा वेगात चला की." ती धापा टाकत म्हणाली, "पार्सलनं पोस्टमनला ओढायची ही पहिलीच वेळ." त्या दिवशी आम्ही बाजारात जाऊन दोन-दोन वाट्या शेवयांचं सूप प्यायलो, वर वाळक्या माशाचा कीस दुप्पट घालून. दुसऱ्या दिवशी मालिशच्या दुकानात माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची पाठ मी गुणगुणत रगडली. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आज तुझं लग्नबिग्न ठरलंय का?"

आईला मात्र हे सगळं मान्य नव्हतं. ती सीताफळाच्या बागेत दुपारभर कुंचला घेऊन एकेका फुलाला पराग लावत हिंडते आणि मी सरावाला निघाले की फुलांना ऐकवते, "एकदा हाड मोडलं, दात पडले, तरी हौस फिटली नाही हिची." ते ऐकून मला हाडापेक्षा दुसरंच काहीतरी दुखायचं.

आता शर्यत. तळ्यात उतरलो तेव्हा हजारभर माणसं आजूबाजूला पाणी घुसळत होती. कुणाची लाथ माझ्या बरगडीत बसली, कुणी डोक्यावरून गेलं. आम्हा दोघींच्या मांड्यांना बांधलेला लवचीक पट्टा एकदा ताणला की डावीकडे, दोनदा ताणला की उजवीकडे. मी नुसती हात मारत राहिले. एक तास एकवीस मिनिटांत बाहेर. शेवटच्या वीस हातांना पाय जोरात मारले आणि उभी राहिले ती थेट पळतच सायकलीकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "ही खरंच आंधळी आहे का?" ताई ओरडली, "आहे, पण तुझ्यापुढे आहे!"

दोघींनी मिळून चालवायची जोडसायकल घेऊन समुद्राच्या रस्त्याला लागलो. उजव्या कानात लाटा, डाव्या कानात डोंगरावरून परत येणारा आपल्याच चाकांचा आवाज. तुमच्या गावापाशी तुझी मावशी तिच्या भाताच्या टपरीसमोर सगळ्या बायकांना घेऊन उभी होती. ताटल्या बडवत होत्या, तुमच्या भाषेत गात होत्या, "जोर लाव, जोर लाव" म्हणत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्यातच मावशीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "अगं चिंग-ह्वेइ, आमची ओसाय का नाही तुझ्याबरोबर?" आम्ही पुढे निघून गेलो होतो. उत्तर द्यायची वेळ आली नाही. पुढचे सत्तर किलोमीटर मी ते उत्तर तोंडात घोळवत पॅडल मारले.

पळण्याच्या एकतिसाव्या किलोमीटरला ताई बसली. म्हणजे खरंच रस्त्यावर बसली. पोट बिघडलं होतं, दोनदा ओकली, मांडीत गोळे आले. मी मात्र टवटवीत होते, ओसाय! सहा-सहा फेऱ्या केलेले पाय थांबायला तयार नव्हते. ताई म्हणाली, "आ-ह्वेइ, गाठ सोड. मागून येणाऱ्या कुणाला तरी सांगते, तुला घेऊन जाईल." नियमात ते बसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी तिच्याजवळ बसले, तिची मांडी हातात घेतली आणि वीस वर्षांत शिकले ते सगळं त्या गोळ्यावर वापरलं. ती किंचाळली, मला शिव्या घातल्या, मग म्हणाली, "जरा खाली... हां, तिथं." दहा मिनिटांनी उठली. आम्ही चालायला लागलो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मीच तिला म्हणत होते, "दोनशे पावलं चालायचं, मग शंभर पळायचं."

चालता चालता मी तिला ते सांगितलं. तीन वर्षं कुणालाच न सांगितलेलं. आता तुला सांगते.

त्या दिवशी दोरी माझ्या हातातून निसटली नव्हती. मी सोडली होती.

शेवटची फेरी होती. तू म्हणालीस, "आता सरळ रस्ता आहे, समोर कुणी नाही." सत्ताविसाव्या वर्षी माझे डोळे गेले, तेव्हापासून मी कुणाचा तरी हात, काठी, भिंत, दोरी यांच्याशिवाय एक पाऊल पळले नव्हते. समोर कुणी नाही, हे ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे. मी बोटं उघडली. अकरा पावलं पळले, मोजली मी. पाचव्या पावलाला तुझं "थांब! खांब!" ऐकू आलं. नीट ऐकू आलं. तरी मी आणखी सहा पावलं पळले, कारण इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग गाड्या अडवायला रोवलेला तो खांब.

दवाखान्यात सगळे म्हणाले, ओल्या हातातून दोरी निसटली, ओसायनं कमरेला बांधायला हवी होती. मी दिवसभर माणसांचे खांदे रगडते. माझ्या बोटांच्या पकडीतून साधा टॉवेलसुद्धा कुणी ओढून घेऊ शकत नाही. अशा बोटांतून दोरी निसटली यावर लोकांचा विश्वास कसा बसला, याचं मला आजही नवल वाटतं. पण बसला, आणि मी बसू दिला. गटानं तुला पुन्हा कुणाला न्यायचं नाही असं सांगितलं, तेव्हा मी गप्प. तू माझ्या पलंगाशी बसून रडत माफी मागितलीस, तेव्हा मी तोंडानं काय म्हटलं? "असू दे." मी तुला माफ केलं, ओसाय! खोटं बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागतं. त्यानंतर तू काऊशुंगला निघून गेलीस, आणि मी मनाशी म्हणाले की आता उशीर झाला.

श्यांगमेइताई हे सगळं ऐकून थांबली. मला वाटलं, पुन्हा ओकणार. ती म्हणाली, "हे तू मला का सांगतेस? पत्ता चुकलाय तुझा." मग म्हणाली, "आणि एवढ्यासाठी मी तीन वर्षं गाठ मागे बांधतेय? मूर्ख कुठली! चल, पळ आता." आणि आम्ही पळायला लागलो. खरंच पळायला लागलो. तिच्या पोटात काही नव्हतं आणि माझ्या पोटातलं सगळं बाहेर पडलं होतं. शेवटचे पाच किलोमीटर आम्ही दिवसातल्या सगळ्यात वेगानं पळालो. कमानीजवळ ढोल वाजत होते, निवेदक माझं नाव घेत होता आणि ताई माझ्या कानात बोंबलत होती, "सही! सही कर इथं!" मी कमानीखाली गुडघ्यांवर बसले आणि मोठमोठ्यानं हसले. रडू आलं ते नंतर, बूट काढताना.

सोमवारी मी आईला सांगितलं. ती बागेत होती. एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं माशाचं सूप आणलं होतं. दोनदा. मी दारातूनच परत पाठवलं." आणि कुंचला ठेवून घरात गेली. मंगळवारी सगळा गट सत्काराला जमला होता. हार घातल्यावर दोन शब्द बोल म्हणाले. मी तेच बोलले, तुला वर लिहिलं तसंच, अकरा पावलांसकट. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दोघं उठून निघून गेले. ज्यानं तुला मनाई केली होती, तो म्हणाला की तो स्वतः तुला फोन करील. केला नसेल तर मला कळव, मी त्याच्या दुकानात जाऊन बसते. बुधवारी मी एकटी बसनं तुमच्या गावी गेले आणि मावशीला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिनं मला आधी मनसोक्त झापलं, मग भात खायला घातला, मग तुझा पत्ता सांगितला.

माफी मी या कागदावर मागत नाही. कागदावर मागितली तर तू मागितलीस तशी होणार नाही, समोर बसून, आवाज कापत. ती मागायला मी येतेय. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघेन, साडेदहाच्या सुमारास काऊशुंगला पोचेन आणि तिकीट खिडकीच्या उजव्या हाताच्या बाकावर बसेन. एकटीच येतेय. बरोबर आईनं दिलेली यंदाची शेवटची सीताफळं असतील, तिनं स्वतः एकेक कागदात गुंडाळली आहेत. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी समजेन. तीनच्या गाडीनं परत जाईन. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

तुझीच,
चिंग-ह्वेइ