डाव्या डोळ्याची दुर्बीण

गागोदे बुद्रुक, ता. पेण
५ जानेवारी २०२६

ती. मिरियमताईस,
सामाजीचा शालोम व सा. न. वि. वि.

तुझं कानातलं मशीन अजून शिट्ट्याच मारतं असं कळलं, म्हणून फोनचा नाद सोडला. आपण दोघांनी ओरडायचं आणि सगळ्या वाडीने ऐकायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की आबांच्या रायफलीवर मी दुर्बीण बसवतोय. हसू नकोस. उजव्या डोळ्याच्या पडद्यावरचा डाग आता जायचा नाही, असं पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन वर्षं झाली, क्लबच्या स्पर्धेत मला नळीच्या टोकावरची खूणच दिसत नाही. डावा डोळा मात्र लख्ख आहे. पण पन्नास वर्षं उजव्या खांद्याला लावलेली रायफल डाव्याला लावली की परक्याच्या पोरासारखी अंग चोरते. म्हणून दुर्बीणच डावीकडे सरकवायची. खांदा उजवा, डोळा डावा.

दुकानदार म्हणाला की वरून दोन भोकं पाडा, काम झालं. लष्करातून निवृत्त झाल्यावर आबांनी रीतसर परवाना काढून घेतलेली ती रायफल, तिला मी भोकं पाडू? धाटावच्या कंपनीत एकतीस वर्षं फिटर होतो ते काय उगाच? तिच्या मूळच्याच दोन स्क्रूंवर बसेल असा ब्रॅकेट कानशीने घासून तयार करतोय. क्लबच्या सेक्रेटरीने नियम पाहून होकारही दिलाय.

आता मुद्द्याचं. सारा गेल्यापासून, आई नाही तिथे बापाने एकटं राहू नये म्हणून, रूबेन माझ्या मागेच लागलाय. इस्राएलला त्याच्या घरात बापासाठी खोली तयार आहे म्हणे. मी त्याला शब्द दिलाय. आठ फेब्रुवारीला जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा आहे. तीनशे मीटर, भाकरीएवढं काळं वर्तुळ, पाच गोळ्या. पाचही आत बसल्या तर मी इथे. एक जरी बाहेर गेली तर रायफल जमा करायची, परवाना परत द्यायचा आणि कायमचं त्याच्याकडे जायचं.

शेजारच्या शेतात बाबाजी वालाला पाणी घालतोय, त्याचा नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
सामाजी


रोहा
९ जानेवारी २०२६

चि. सामाजीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुला कान धरून वर्गाबाहेर उभं करावंसं वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शाळेतल्या पोरांसारखी पैज लावायची?

असो. तुझं तू जाण. रूबेन चांगला मुलगा आहे, सूनही गुणी आहे आणि नातवंडांना आजोबा हवेच. माझी काळजी अजिबात करू नकोस. मी रोह्यात अगदी मजेत आहे. सिनॅगॉगची किल्ली माझ्याकडे असते, झाडलोट करून घेते, संध्याकाळी शेजारची मैना गप्पांना येते. आता इथे आपली यहुदी घरं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, पण मला एकटीने राहायची सवय आहे.

आपल्या एलियाहू हनाबी पैगंबराला गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलले आहे. तुझ्या बाबतीत चांगलं होऊ दे, एवढंच मागितलं. चांगलं म्हणजे नेमकं काय, ते त्याच्यावर सोडलं आहे.

आणि हो, शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागला की कानस खाली ठेव. काम रंगात आलं की तुला वाराचं भान राहत नाही, हे मला माहीत आहे. रोज डोळ्यात औषध घाल आणि या म्हातारीवरची माया राहू दे.

तुझी ताई,
मिरियम


गागोदे बुद्रुक
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
शालोम व सा. न. वि. वि.

काल बाबाजीला घेऊन क्लबच्या रेंजवर गेलो होतो. ब्रॅकेट असा बसलाय की जणू रायफलीबरोबरच जन्मला. आधी शंभर मीटरवर झोपून पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका जागी, पण नेमापासून चार बोटं उजवीकडे. दुर्बिणीची चकती फिरवली, पुन्हा पाच झाडल्या, तर पाचही नेमावर, पेढ्याएवढ्या जागेत! बाबाजी भर रेंजवर नाचला. सेक्रेटरीने त्याला मागे नेऊन बसवलं.

मग तीनशेवर गेलो आणि सगळं मुसळ केरात. आता पाचही गोळ्या डावीकडे, चांगल्या आठ बोटं, काळ्याच्या बाहेर. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं. ब्रॅकेट काढून पुन्हा लावला, स्क्रू आवळले, तरी तेच. जवळ बरोबर आणि लांब चूक, हा काय प्रकार? बाबाजीचं म्हणणं असं की दादा, ही रायफल पार येडी झाली हाय.

मला वाटतं रायफल शहाणी आहे, माझा डावा डोळाही फसवायला लागलाय. संध्याकाळी बाबाजीच्या सुनेने, अनिताने, शेतात मडक्यातली पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा नेहमीसारख्याच होत्या, मला चव लागली नाही. घरी येऊन पासपोर्ट शोधून ठेवला.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. चार ओळी लिही, पण लिही.

तुझा,
सामाजी


रोहा
२३ जानेवारी २०२६

चि. सामाजीस,
अ. उ. आ.

पासपोर्ट जिथून काढलास तिथे परत ठेव आणि नीट लक्ष देऊन वाच.

तुझं पत्र आल्यापासून मला चैन नव्हतं. काल ओटीवर पाट ठेवला आणि त्याला चार बोटांच्या अंतरावर दोन दोरे बांधले. डावीकडचा दोरा म्हणजे तुझी दुर्बीण, उजवीकडचा म्हणजे तुझी नळी. एक फरशी म्हणजे शंभर मीटर. पहिल्या फरशीच्या शेवटी दोन्ही दोरे एकमेकांना भेटवले. तसेच सरळ पुढे ओढत तिसऱ्या फरशीच्या टोकापर्यंत नेले. उजवीकडचा दोरा डाव्याला ओलांडून पलीकडे गेला होता. किती? आठ बोटं! मैनाने दारातून पाहिलं आणि विचारलं की बाय, कोंबड्या बांधतेस की काय गो.

म्हणजे तुझा डोळा ठणठणीत आहे आणि ब्रॅकेटही. जुनी खूण नळीच्या बरोबर वर होती, त्यामुळे हा घोळ पन्नास वर्षांत तुझ्या वाट्याला आलाच नाही. आता दुर्बीण बाजूला आहे, तेव्हा दोन्ही रेषा एकाच ठिकाणी भेटणार, आणि ते ठिकाण तू शंभरवर ठरवून बसलास. शंभर विसर. तीनशेवरच जुळव. मग शंभरवर गोळी जवळजवळ तीन बोटं उजवीकडे पडेल. पडू दे, तिथे कोणी गुण देत नाही.

कुठे राहायचं ते तुझं तू ठरव. पण साध्या भूमितीत नापास होऊन माझा भाऊ देश सोडून गेला, असं मला नको.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ होत आली, थांबते. आम्हा मास्तरणींचा राग येतो तसा जातो, तेवढं ध्यानात ठेवून लोभ कर.

मिरियम


गागोदे बुद्रुक
९ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शालोम व सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या दोऱ्यांना दंडवत! एक तारखेला सरावाला तीनशेवर जुळवलं आणि गोळ्या शहाण्या मुलांसारख्या वर्तुळात जाऊन बसल्या. सेक्रेटरीला तुझी युक्ती सांगितली, तर त्यांनी विचारलं की बाई क्लबात येतील का.

आता कालचं ऐक. अकरा जण होतो. पहिली आत. दुसरी आत. तिसरी जरा काठावर, पण आत. चौथी अगदी मधोमध. ताई, दोन वर्षांनी मला ते वर्तुळ एवढं स्वच्छ दिसत होतं. आबा आठवले, सारा आठवली, आणि नको तेव्हा डोळा भरला. डावाच. दुर्बिणीत सगळं पोहायला लागलं. थांबायला हवं होतं, पण चापावर बोट दाबलं गेलं. पाचवी दोन बोटं बाहेर.

तरीही तिसरा आलो. एक निवृत्त सुभेदार ब्रॅकेट हातात घेऊन बराच वेळ पाहत होते, मग विचारलं की कोणत्या कारखान्याचा. बाबाजीने माझ्याकडे बोट दाखवलं. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता, खरंच सांगतो.

पण शब्द तो शब्द. पाच म्हणालो होतो, चार झाल्या. रूबेनला आज-उद्या कळवतो. मार्चअखेर निघेन म्हणतो. त्याआधी तुझ्याकडे चार दिवस राहायला येईन. तोवर आठवण ठेव, नंतर तर ठेवावीच लागेल.

तुझा,
सामाजी


रोहा
१२ फेब्रुवारी २०२६

चि. सामास,
अ. उ. आ.

चार गोळ्यांपर्यंत मैनाला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. पुढचं मला वाचता येईना.

मी मजेत आहे, एकटीची सवय आहे, असं लिहिलं होतं ना? ते खोटं होतं. मला वाटलं मुलाचा हक्क मोठा, बहिणीने मध्ये पडू नये. सारा गेली तेव्हाच बोलायला हवं होतं, तेव्हाही गप्प बसले. सामा, जाऊ नकोस. आबांचा आवाज, आईच्या हातचं सणाचं जेवण, ओढ्यात पडलो होतो ते, हे सगळं बोलायला मला या मुलखात तुझ्याशिवाय कोणी नाही. सणाला आपली दोनच ताटं असतात. एकच मांडायचं म्हटलं तर मी चूल पेटवणार नाही.

रूबेनकडे जा, महिनाभर राहा, नातवंडांचे लाड कर आणि परत ये. मी त्याला तसं कळवलं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवू दे. तुझा शब्द मोडतो याचं तुला वाईट वाटेल. वाटू दे.

यापुढे काही लिहवत नाही. तुझ्या मायेची भुकेली,

मिरियम


गागोदे बुद्रुक
१६ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शालोम.

पत्र आत्ताच आलं. बांधावर उभ्यानेच वाचलं. राहतोय.

रूबेनला लगेच फोन केला. तो हसायला लागला. म्हणाला की आत्याने सांगितलं म्हणजे विषय संपला, पण मे महिन्यात यायचं आणि आत्यालाही घेऊन यायचं. रविवारी सकाळी मी आणि बाबाजी रोह्याला पोचतो. नारळ आणि गूळ आम्ही आणतो, पोहे तू भिजव. नवस फेडायचाय.

ताई, सारा गेल्यापासून कोणीतरी मला जाऊ नकोस म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. कोणी म्हणेना, म्हणून तर ती पैज लावली.

तुझा,
सामा