तीनवरचा हिरवा टिपका

धुळे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. कामिनीअक्कास,
हितूचा शि. सा. न. वि. वि.

मायच्या तेराव्याला तू मला बजावलंस की आजपासून तुझा आवाज ऐकायचा नाही, फोन केलास तर कापीन, काही सांगायचंच झालं तर कागदावर लिही. त्याला आठ महिने झाले. मी कागद घेऊन बसायचो आणि तसाच उठायचो. आज मोनालीनेच पाकीट आणून पुढ्यात टाकलं. वर म्हणाली की ज्या माणसाच्या घरात दीडशे फोन, त्याला सख्ख्या बहिणीशी बोलायला टपाल लागतं, धन्य आहे.

दीडशे नाहीत गं, एकशे त्रेचाळीस. पाच कंदिलाजवळ नूर महंमदभाईंचं भंगाराचं दुकान आहे, ते माझ्यासाठी बटणांचे जुने फोन पोत्यात वेगळे काढून ठेवतात. परवा घडीचा एक मिळाला. उघडला की टक्, मिटला की टक्. तासभर तेच करत बसलो. हे फोन माणसाच्या हाताला आले की हात ओळखतात, आत्ताच्या काचांना कोणाचा हात तेच कळत नाही. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून आलो की ब्रश आणि थिनर घेऊन बसतो. बॅटरी नवी, बॉडी नवी, बटणांचं रबर नवं. मेलेला फोन उजळला की मला अजून हुरूप येतो. मोनालीचं पालुपद ठरलेलं आहे: घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं.

आता मुख्य. मायचा फोन तुझ्याकडे आहे. आबा गेले त्या वर्षी मीच घेऊन दिला होता, वर टॉर्च लागणारा तो नोकियाचा अकराशे. मायला अक्षरओळख नाही म्हणून आपण बटणांवर नेलपॉलिशचे टिपके दिले होते. दोनवर लाल, ते दाबून धरलं की तू. तीनवर हिरवा, तो मी. अठराच्या दिवाळीत मी त्याची बॉडी आणि बटणं बदलून दिली, टिपकेही नव्याने लावले. तो फोन मला देशील का? काचेच्या कपाटात मधल्या खणात जागा राखून ठेवली आहे.

आणि यंदा अक्षय्य तृतीया तीस एप्रिलला आहे, त्या आखाजीला मायच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. पहूरला येऊन भरू का, ते कळव.

दाजींना नमस्कार. लोभ पूर्वीइतका मागत नाही, उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
हितू

—

पहूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. हितेंद्रास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला आहे. थोरली आहे ना, लिहावा लागतो.

तुझं पत्र अंगणवाडीत आलं. मुलांची खिचडी शिजत होती, तिथेच उभ्याने वाचलं आणि डोकं असं सणकलं की मदतनीस लताबाई विचारायला लागल्या, घरी सगळं बरं आहे ना. चार पानं फोनांचं कौतुक, आणि मायबद्दल काय, तर तिचा फोन द्या, कपाटात जागा आहे! मायला तुझ्या घरात जागा नव्हती, तिच्या फोनाला मात्र मधला खण. वा रे वा.

तुला ठाऊक नाही असं दाखवू नकोस. सहा वर्षं माय तुला फोन लावत होती. दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसायची, गळ्यातल्या पिशवीतून फोन काढायची, हिरव्या टिपक्यावर अंगठा दाबून धरायची. तू कधी उचलला नाहीस. तुझी बायको उचलायची आणि काहीतरी सांगून वाटेला लावायची. मी या कानांनी ऐकलंय, माय म्हणायची, बरं बाई, त्याले सांगजो मायना फोन उना व्हता. मग फोन पिशवीत घालून मला सांगायची की तो कामात शे. मी तुला कधी बोलले नाही, कारण आईचा फोन उचलत जा असं भावाला सांगायची वेळ बहिणीवर येऊ नये. सांगून येणारी माया मला नको होती.

शेवटचे तीन दिवस ती अंथरुणात होती, तेव्हाही तेच बटण. तू आलास चौथ्या दिवशी, खांदा द्यायला. वरातीमागून घोडं.

फोन मिळणार नाही. घागर भरायलाही येऊ नकोस. ज्यांच्या घरात माय राहिली ते भरतील.

तुझ्या भल्याची काळजी सुटत नाही, एवढाच लोभ समज.

कामिनी

—

धुळे,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मोनालीलाही वाचायला दिलं. ती जेवली नाही. आबांची शपथ घेऊन सांगतो, सहा वर्षांत मायचा एक फोन मला आला नाही. मोनाली तर तिच्याशी फोनवर कधी एक शब्द बोललेली नाही.

मला वाटायचं माय रुसली आहे. दोन खोल्यांच्या घराचं निमित्त सांगून मी तिला धुळ्याला आणलं नाही, तिला लेकीच्या दारी राहावं लागलं, म्हणून स्वतःहून फोन करत नाही. ती पिशवीतून फोन काढेपर्यंत तो वाजून बंद व्हायचा, म्हणून मी महिन्यातून एकदा तुझ्या फोनवर करायचो. ती दोन मिनिटं बोलायची आणि म्हणायची, तू कामात ऱ्हास, माले ठाऊक शे. तो मला टोमणा वाटायचा. त्या टोमण्याला भिऊन मी फोन आणखी कमी केले.

ती कोणाशी बोलत होती, अक्का? मला तो फोन फक्त एकदा बघू दे. कपाटात ठेवणार नाही, परत पाठवतो.

रागावून का होईना, लिहीत जा.

हितू

—

पहूर,
३ मार्च २०२५

चि. हितेंद्रास,
अ. उ. आ.

तुझे दाजी एका लग्नाला धुळ्याला निघाले आहेत, त्यांच्याकडे फोन देते आहे, सोबत जाड पिनचा चार्जर. पिशवी मायनेच शिवलेली आहे, धुऊ नकोस. तिला अजून तपकिरीचा वास आहे.

आबांची शपथ घेतलीस म्हणून देते. त्यात काय दिसेल ते खरं खरं कळव. मला बरं वाटावं म्हणून काही जुळवून लिहिलंस, तर या जन्मात तुझं तोंड बघणार नाही.

कामिनी

—

धुळे,
९ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं मागितलंस. मोनालीचं म्हणणं पडलं की अक्कांना एवढंच कळवा, नंबरात काहीतरी घोळ झाला होता. पण घोळ झाला नाही, अक्का. मी केला.

फोन पिशवीतून काढला तेव्हा आधी बटणंच दिसली. मी बसवलेलं रबर अजून जवळजवळ कोरं आहे. एक, चार, सात, नऊ, सगळे आकडे काळेभोर. दोनवरचा लाल टिपका शाबूत. तीनचं बटण मात्र घासून पांढरं पडलंय, आकडा दिसत नाही, हिरवा टिपका कडेला नखाएवढा उरलाय. मी इतके फोन हाताळले, पण एकच बटण असं झिजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

चार्ज करून चालू केला. लावलेल्या फोनांत सगळ्यात वर नाव, हितू. आखाजीनंतरच्या त्या तीन दिवसांत अकरा वेळा. मग नंबर उघडून पाहिला. तो माझा बियाण्यांच्या कंपनीतला नंबर. अठराच्या जूनमध्ये नोकरी सोडली, तेव्हा कंपनीचं सिम परत करावं लागलं. नवा नंबर मी सगळ्यांना मेसेजने कळवला. तुला, दाजींना, शिरपूरच्या मामांना. मायलाही पाठवला असेल. मेसेज वाचणार कोण, हे डोक्यात आलं नाही. म्हटलं, दिवाळीला जाऊ तेव्हा तिच्या फोनात घालून देऊ.

आणि दिवाळीला आलो की मी! भाऊबिजेच्या दुपारी तुझ्या ओट्यावर बसून तो फोन अख्खा खोलला. तुला आठवत असेल, तू ओवाळायला दोनदा हाक मारलीस आणि मी स्क्रू हरवेल म्हणून उठलो नाही. नवी बॉडी घातली, नवं रबर घातलं, मोनालीच्या बाटलीतला हिरवा रंग काडीने तीनवर लावला. टिपका गोल यावा म्हणून दोनदा पुसून लावला. माय कौतुकाने बघत होती. त्या टिपक्याखाली नंबर कोणता आहे, हे मात्र बघितलं नाही. माझं सगळं लक्ष फोन नवा दिसण्यावर होतं.

तो जुना नंबर मी आज माझ्या फोनवरून लावला. एक बाई बोलते, अक्का. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत. रेकॉर्ड केलेला आवाज आहे, पण फार गोड. हा क्रमांक सेवेत नाही, कृपया क्रमांक तपासून पाहा. माय जिला बरं बाई म्हणायची, ती ही. मोनाली नव्हे. मायला त्या पुस्तकी भाषेतलं काय कळलं असेल? कोणी भली बाई आहे आणि आपल्या मुलाचं काहीतरी सांगते आहे, एवढंच. बाई सहा वर्षं खरं तेच सांगत होती, नंबर तपासा. माय तपासणार कशी, आणि तपासायला होतो तो मी पाच कंदिलावर पोती उपसत होतो.

आणखी एक लिहितो, मग लपवलेलं काही उरणार नाही. एका आखाजीला मायने मला सांगितलं होतं की तुन्या हापिसनी बाई चांगली शे, कधी रागे भरत नाही. मी हसलो. हार्डवेअरच्या दुकानात कसलं ऑफिस नि कसली बाई, वयाने भरकटते म्हटलं. एवढं विचारलं असतं, की कोण बाई गं, तरी सगळं तिथेच उलगडलं असतं.

कपाटाला कुलूप लावून किल्ली मोनालीकडे दिली आहे. आज एकाही फोनाकडे बघवत नाही.

फोन परत पाठवायचा आहे. तीनवर माझा आत्ताचा नंबर घालून पाठवू का? विचारतानाही लाज वाटते.

लोभाचा शब्द आज लिहवत नाही.

हितू

—

पहूर,
२५ मार्च २०२५

चि. हितूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी पूर्ण लिहिलाय, बघ.

तुझं पत्र आल्यावर आठ-दहा दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. तुझ्या दाजींनी विचारलं, हितूने असं काय लिहिलंय. मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. वाचून ते म्हणाले की आता तूही लिही तुझं. त्यांना माहीत आहे, म्हणून लिहिते.

मायने अंथरूण धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, पडल्यापडल्या, ती फोनमध्ये म्हणाली, बाई, त्याले सांग, ये म्हना, मी वाट देखस. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. दाजी म्हणाले, हितूला आपणही एक फोन करू या. मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, आईने स्वतः निरोप दिलाय, बायकोने पोचवला असेल, यायचं तर येईल, आपण पाया पडायचं नाही. मला बघायचं होतं तू येतोस की नाही. हितू, माझ्या फोनात तुझा चालू नंबर होता. माझ्या हातातच फोन होता. तू एक दिवाळी चुकलास. मी तीन दिवस जाणूनबुजून चुकले, माय दाराकडे बघत असताना. चौथ्या दिवशी दाजींनी कळवलं ते मला न विचारता.

तेराव्याला सगळ्यांदेखत तुला बोलले, ते दुःखापेक्षा भीतीने जास्त. तू विचारशील, अक्का, तू का नाही कळवलंस, याची भीती होती. म्हणून आधीच तुझं तोंड बंद केलं, फोनही बंद केला.

मोनालीला माझं सांग. नाही, तू सांगू नकोस, मीच सांगेन. सहा वर्षं त्या पोरीला मनात नको नको ते बोलले. तिने पाठवलेले पापडसुद्धा शेजारी देऊन टाकायची. तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ, ते अजून सुचत नाही.

तू लिहिलेला तो जुना नंबर मीही लावला, अंगणवाडी सुटल्यावर, एकटी बसून. खरंच गोड बोलते रे ती. तिला रागाने काहीतरी म्हणायला गेले, पण तोंडातून निघालं, बरं बाई. आणि मग फार रडले. आपल्या दोघांपैकी कोणी तिच्याइतकं मायचं दुपारी ऐकून घेतलं?

तीनवरचा नंबर बदलू नकोस. आता बदलून कोणासाठी? ते रबरही बदलू नकोस, टिपका पुन्हा रंगवू नकोस, काही उजळू नकोस. आहे तसा पिशवीत घाल आणि आखाजीला घेऊन ये. तुम्ही दोघंही या. घागर तूच भर, सांजोऱ्या मी आणि मोनाली मिळून करू. घागरीशेजारी फोन ठेवू, मग कुठल्या घरी राहायचा ते ठरवू. तुझ्या कपाटात मात्र नाही.

मी माफ केलं असं लिहीत नाही, तूही लिहू नकोस. जिने माफ करायचं ती माय ओट्यावर वाट बघून गेली. आपण आता एकमेकांना तिच्यासारखं बसवून ठेवायचं नाही, एवढं तरी करू.

रविवारी सकाळी दहाला तुला फोन करते. मला बोलता येईल का, सांगता येत नाही. कामात असलास तरी उचल.

तुझी,
अक्का