जाळी नसलेलं आभाळ

तीर्थस्वरूप गेन्झोमामांना शुन्पेईचा अगदी कमरेत वाकून नमस्कार,

तिकडचं बर्फ आता उतरलं असेल, आणि तुमच्या गोल्फच्या मैदानावरचं गवत तुमच्या मायेनं (की मामीच्या आरडाओरड्यानं?) वर येत असेल. कंबर कशी आहे? माझं झकास चाललंय. ती नूडल्सची गाडी सोडली. आता मी गोल्फ शिकवतो. हसू नका.

आमचं सरावाचं ठिकाण म्हणजे भर गावात तीन मजली सज्जे आणि समोर आभाळभर हिरवी जाळी. सज्ज्यात उभं राहून जाळीत चेंडू मारायचे. एक मारला की पायाजवळच्या चटईतून दुसरा आपोआप वर येतो, कोंबडीनं अंडं द्यावं तसा. (मामीनं ती तांबडी ठेवली का विकली?) शिकवण्याचं शास्त्र एवढंच, की डोकं हलू द्यायचं नाही. कला त्याच्यापुढे: आपल्याला डोकं आहे हेच माणसाला विसरायला लावायचं. ते मला सहज जमतं, कारण संध्याकाळी दिवे लागले की पांढरे चेंडू जाळीत असे अलगद विझत जातात, की शिकवता शिकवता मीच कुठेतरी निघून जातो.

तर माझ्या शिष्या कुराताआजी. त्यांच्या यजमानांचे जुने मित्र दर वसंतात खऱ्या मैदानावर खेळतात. यजमान गेल्यावर यंदा आजींना बोलावणं आलं. आमचे मालक इनाबा मला म्हणाले, "सोबत जा. पण तिथं आपलं हसं झालं ना, तर परत येऊ नकोस." आजी खऱ्या मैदानावर कधी गेल्या नव्हत्या. (मीही नव्हतो. तुमच्याकडे आलो तेव्हा नुसतं बर्फच होतं.)

सकाळचं धुकं होतं. आजींनी पहिला फटका असा मारला, की मला भरून आलं. मग त्या मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. मीही शेजारी उभा. कुठेतरी पाखरू बोलत होतं. किती छान वाटत होतं, मामा! बराच वेळ काही झालं नाही, म्हणून मी जमिनीवर पाय आपटून पाहिला.

मागून त्या मित्रांपैकी मोरोईकाका ओरडले, "वहिनी, काही हरवलं का?"

"दुसरा चेंडू वर येईना हो!"

"अहो वहिनी, इथं आपण त्याच्याकडे जायचं असतं!"

सगळे पोट धरधरून हसले. आजींनी वर पाहिलं. जाळी नव्हती. लांब उतारावर त्यांचा चेंडू अजून घरंगळतच होता. "शुन्पेई," त्या हळूच म्हणाल्या, "या चेंडूंना एवढं लांब जायचं होतं, आणि आपण रोज अडवत होतो रे." मग प्रत्येक चेंडूमागे त्या फिरायला निघाल्यासारख्या गेल्या. मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटचा नंबर आमचाच.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
शुन्पेई

ता. क. हसं झाल्याचं मालकांनी माफ केलं. पण आजींनी आमच्या सज्ज्यात उभं राहून सगळ्यांना ते मैदान इतकं रंगवून सांगितलं, की दुसरा मजला रिकामा झाला. ते नाही माफ केलं.

आणखी ता. क. गवत कापायला तुम्हाला माणूस हवाय ना? शुक्रवारच्या गाडीनं येतोय. मामीला गाद्या दोन घालायला सांगा. आजी आत्तापासूनच स्टेशनवर जाऊन बसल्यात.