अव्वांपुरते कन्नड

कळंबा, कोल्हापूर
५ जानेवारी २०२५

चि. सौ. भैरवी हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही मंडळी धारवाडला सुखरूप पोहोचल्याचे कळले. तुझ्या आक्काचे दिवस झाल्यावरही तू नवीन वर्षापर्यंत राहिलीस, घर सावरून दिलेस, त्याबद्दल तुझे आणि जावईबापूंचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. ते तेव्हा तोंडी जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

अव्वांची प्रकृती ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतात. पण एक अडचण आहे. सहा वर्षे त्या या घरात आहेत, आणि आम्ही एकमेकांशी थेट कधी बोललोच नाही. सासूने जावयासमोर पदर घेऊन आत जायचे, ही त्यांची रीत. मी तुझ्या आक्काला म्हणायचो की आईंना चहा हवा का विचार, आणि उत्तर तिच्याकडून यायचे. आम्ही तिघे गप्पा मारतो असेच मला वाटायचे. बोलत सगळे तीच होती, हे आता घर गप्प झाल्यावर कळते आहे.

अव्वांना मराठी बाजारापुरती कळते, पण ती त्या माझ्याशी वापरणार नाहीत. परवा त्यांचा गुडघा दिवसभर दुखत होता. ते मला संध्याकाळी शेजारच्या वर्षाराणीकडून कळले. हे बरोबर नाही. या वयात मला कन्नड येईल का, ते बघावे म्हणतो. बाजारातून एक पुस्तक आणले, पण त्यात रेल्वे स्टेशन कोठे आहे अशी वाक्ये आहेत. अव्वांना मी ते विचारून काय करू? तू शाळेत मुलांना शिकवतेस, तसे मला पत्रातून शिकवशील का? फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

अव्वांना इथे करमले नाही तर त्या तुझ्याकडे येणार, तो त्यांचा हक्कच आहे. पण त्या गेल्या की या घरात तिची आठवण काढायला मी एकटाच उरेन. म्हणून त्रास देतो.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझा दाजी,
अभिराम


धारवाड
१३ जानेवारी २०२५

ती. स्व. दाजी यांस
भैरवीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आक्का गेल्यापासून तुम्ही एवढं सलग काही बोलल्याचं मला आठवत नाही. आभार वगैरे परत लिहिलंत तर मी शिकवणार नाही.

ते पुस्तक आधी वर्षाराणीच्या म्हशीपुढं टाका. माझ्या वर्गात मराठी, हिंदी, उर्दू घरातली मुलं येतात. त्यांना मी शब्द पाठ करू देत नाही. उप्प म्हणजे मीठ, असं शंभरदा घोकलं तरी ते मीठ जिभेला लागत नाही. आमटीची वाटी हातात घ्यायची आणि म्हणायचं, उप्प कमी आहे. निम्मं वाक्य मराठी राहिलं तरी चालेल, हळूहळू तेही गळून पडेल. शब्द ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी वापरायचा, आणि खऱ्या कामासाठी वापरायचा.

तर हे घ्या. नीर म्हणजे पाणी. बिसि म्हणजे गरम. ऊट म्हणजे जेवण. बेक म्हणजे पाहिजे, ब्याड म्हणजे नको, आणि साक म्हणजे पुरे. एवढ्यावर स्वयंपाकघर चालतं. आमच्याकडं पाहुणे आले की ह्यांचा संसार तर साक आणि ब्याड या दोनच शब्दांवर चालतो.

उद्या संक्रांत. यंदा तुमच्याकडं तिळगूळ नाही, म्हणून इथंही मी केला नाही. मुलं कुरकुरली. आक्का असती तर मला रागावली असती, म्हणून संध्याकाळी थोडा करीन.

अव्वाला सांभाळता आहात, यापुढं मी काय लिहू? तब्येत जपा. आमच्यावर लक्ष असू द्या.

तुमची,
भैरवी


कळंबा, कोल्हापूर
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. भैरवी हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी सुरुवात केली. पाटबंधारे खात्यात तीस-पस्तीस वर्षे टिपण्या लिहिल्यामुळे माझी वाक्ये तशीच होतात. पहिले वाक्य असे झाले की, सदर नीर बिसि आहे. वर्षाराणी दूध द्यायला आली होती, तिने ते ऐकले. दाजी, कन्नड शाळेत नाव घातलंय काय, म्हणून ती गॅलरीतूनच ओरडली. आता सगळ्या गल्लीला माहीत झाले आहे. पण ती बाई चांगली आहे. माझी चेष्टा करते आणि जाताना अव्वांसाठी खरवस ठेवून जाते.

मी रोज सकाळी ओट्यापाशी उभा राहून सगळे शब्द वापरतो. आवाजही मोठा ठेवतो, म्हणजे अव्वांना ऐकू जावे. तुझ्या आक्काचा फोटो मी ओट्यासमोरच लावला आहे, ती जास्त वेळ तिथेच असायची म्हणून. अव्वा मागे दाराशी असतात. त्यांची रीत मोडू नये म्हणून मी वळून बघत नाही. चहा बेक का, ऊट झाले का, असे समोर बघूनच विचारतो.

मात्र उत्तर येत नाही. उलट मी बोलायला लागलो की त्या हळूच निघून जातात. या आठवड्यात तर मी स्वयंपाकघरात असेपर्यंत त्या आतच येत नाहीत. माझे उच्चार इतके वाईट असतील का? की माझ्या तोंडून त्यांची भाषा त्यांना सोसत नाही? तू फोन करशील तेव्हा जरा अंदाज घे. त्यांना त्रास होत असेल तर मी थांबवतो.

शब्द मात्र लक्षात राहू लागले आहेत. परवा बँकेत पासबुक भरून झाल्यावर मी साक म्हणालो. हे तुझ्यामुळे. सर्वांना आशीर्वाद, आणि पत्र लवकर येऊ दे.

तुझा दाजी,
अभिराम


धारवाड
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दाजी यांस
शि. सा. नमस्कार.

काल अव्वाशी फोनवर बोलले. आधी हसले, मग फोन ठेवून रडले, आणि आज लिहायला बसले.

दाजी, अव्वाला वाटतंय की तुम्ही आक्काशी बोलता. रोज सकाळी तिच्या फोटोपुढं उभं राहून तिला चहा हवा का, जेवलीस का, विचारता, आणि तेही तिच्या माहेरच्या भाषेत. अव्वा म्हणाली की जिवंतपणी याला कधी जमलं नाही, आता बिचारा शिकून बोलतोय. नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला उभं राहायचं, म्हणून ती निघून जाते. आपली या घरात अडचण होते, असं तिनं मनाशी ठरवून टाकलंय. मला म्हणाली, येऊन घेऊन जा. तिची पिशवी भरून तयार आहे.

मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. मी सांगितलं तर परत तेच होईल, आक्काच्या जागी मी मधे. ते तुम्हालाच सांगायला हवं. तेवीस तारखेच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो. तोवर तुमच्याकडं वेळ आहे. तिला यायचंच असेल तर मी आनंदानं आणीन. पण अडचण होते म्हणून ती इथं आलेली मला नको आहे.

रीत मोडायची तर तुम्हालाच मोडावी लागेल, अव्वा मोडणार नाही. तुम्ही सहा वर्षांत तिला हाकच मारली नाहीत, तर तिला कसं कळावं की बोलणं तिच्याशी आहे? म्हणून या वेळचा धडा छोटा आहे. निद्दी म्हणजे झोप, रात्री लागली का ते विचारायला. आणि वाक्याच्या आधी अव्वा म्हणायचं, तिच्याकडं बघून.

रागावू नका. तुमचा फार आधार वाटतो, तो वाटत राहू दे.

तुमची,
भैरवी


कळंबा, कोल्हापूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. भैरवी हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. दोन दिवस माझ्याने झाले नाही. मंगळवारी सकाळी अव्वा मागच्या दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन पायरीवर बसलो आणि म्हणालो, अव्वा, निद्दी झाली का? त्यांनी पदर पुढे ओढला आणि उठायला लागल्या. मी परत अव्वा म्हणालो. मग त्या बसल्या.

मेथीची एक जुडी निवडून झाली. मी दुसरी माझ्याकडे घेतली. त्यानंतर त्यांनी मला काहीतरी विचारले. मला त्यातला ऊट एवढा एकच शब्द कळला, आणि हॉस्पिटलच्या दिशेने त्यांनी हात केला तो दिसला. शेवटच्या दिवशी ती जेवली होती का, असे त्या विचारत होत्या. त्यांना आपण तिथे नेले नव्हते, आणि नंतरही त्यांना कोणी नीट काही सांगितले नाही. एरवी जी सांगायची, तीच नव्हती.

माझ्याकडे जे होते त्यात मी सांगितले. ऊट ब्याड म्हणाली. नीर बेक म्हणाली. मी चमच्याने दिले, बिसि नव्हते, कोमट होते. दोन-तीन चमचे घेतले, मग साक म्हणाली. मग निद्दी. एवढेच. मी एवढे सलग तर मराठीतही कोणाला सांगितलेले नाही. मराठीत मला ते जमले नसते असे वाटते, त्यात शब्द फार आहेत.

अव्वांनी ते परत विचारले. मी परत तसेच सांगितले. त्यांनी माझ्या हातातली मेथी काढून घेतली, कारण मी देठासकट टाकत होतो. त्यावर त्या मला जे बोलल्या त्याचे भाषांतर मी तुझ्याकडे मागत नाही.

दुपारी त्यांनी दोन ताटे वाढली आणि समोर बसून जेवल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे होते. काल सकाळी मी झोपेत असताना त्यांनी दारात उभे राहून मला हाक मारली. तम्मा, असे म्हणाल्या. वर्षाराणीला विचारले, तिने तिच्या संकेश्वरच्या मावशीला फोन केला आणि सांगितले की धाकट्या भावाला, मुलाला मायेने असे म्हणतात. मी चौसष्ट वर्षांचा आहे, हे त्या मावशीला तिने सांगितले नाही, एवढे बरे.

भैरवी, तू मला काय दिलेस ते मी आभार या शब्दात घालत नाही, तू मना केले आहेस. तुझ्या आक्काने सहा वर्षे दोन्ही बाजूंचे बोलणे एकटीने वाहिले आणि एकदाही दमले म्हणाली नाही. तिचेही मानायचे राहून गेले आहे.

तेवीसला तुम्ही सगळे जरूर या. जेवायलाच यायचे आहे. गाडी आणा, पण परत जाताना त्यात तुम्हीच बसायचे, पिशवी उघडून लुगडी कपाटात लागली आहेत. हे अव्वांनी मला सांगितले.

वाट बघतो. आम्हा दोघांवर लोभ ठेव.

तुझा दाजी,
अभिराम