डाव्या पंखाचा दिवा

दादा,

पत्ता लिहायची सोय नाही, पण आज तुला खडसवल्याशिवाय राहवत नाही.

धुक्यात विमान जागेवर लावताना किंवा काढताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक जण दिवा घेऊन चालतो, तसे आपण चालायचो. डावीकडे तू, उजवीकडे मी. गेल्या हिवाळ्यात त्या वैमानिकाने घाई केली, आपले दिवे न जुमानता उभ्या विमानावर आदळला आणि मधे सापडून तू गेलास.

तेव्हापासून उजवीकडे मी एकटीच चालते, डावीकडे कोणी नसतं. तरी धुकं असलं की वैमानिक उतरून म्हणतात, "डावीकडचा तुमचा माणूस फार सांभाळून आणतो हं!" मी मान डोलावते. खरं सांगू? बरंच वाटायचं.

आज तोच वैमानिक परत आला. मी 'थांब' म्हणून दिवा आडवा धरला, तरी विमान पुढेच. ओरडत समोर धावले, तेव्हा कुठे थांबलं. हातभर अंतरावर दुसऱ्या विमानाचं शेपूट होतं.

तो उतरून माझ्याकडे आला. "मागे नाही ऐकलं, म्हणून आज डावीकडच्या माणसाच्या दिव्याकडेच बघत होतो. तो सारखा 'ये, ये' करत होता."

दादा, डूख धरणारा तू नव्हेस रे. मागच्या सीटवर त्याची शाळकरी मुलगी होती. तिला तरी बघायचंस!

उद्याही धुकं पडणार म्हणतात, आणि त्याला परत निघायचंय. उद्या डाव्या पंखाशी मी चालणार आहे.

मला तरी ओळखशील ना?

तुझीच,
ठमी