दुखलेला डावा कान

गुरु. १२ मार्च, मेडनहेड

डायव्हिंगच्या ड्रायसूटच्या मानेच्या रबराला पावडर लावून ठेवली. मृणालच्याही सूटला लावली, न सांगता. हॉस्टेलपासून असंच. ती विसरते, मी करते. घर एक, किचन एक, आणि आता म्हणे बडी वेगळा.

पाण्याखाली एकटं जायचं नसतं, जोडीनेच उतरायचं. ईस्टरला आमच्या डायव्हिंग क्लबची स्कॉटलंडची ट्रिप आहे, बुडालेली जहाजं बघायला. कीथने, म्हणजे आमच्या इन्स्ट्रक्टरने, सांगितलंय की या वीकेंडच्या सरावानंतर कोण कुणाबरोबर ते कळवा. मी धरूनच चालले होते. तर मृ. वरणभात कालवता कालवता म्हणते, "बघू गं. रियाही विचारत होती."

बघू गं!

क्लबात हिला ओढत नेलं कुणी? ब्रॅकनेलच्या पूलमध्ये नाक पाण्याखाली घालायला घाबरायची ही बाई. मी हात धरून उभी असायचे. आता शिकली, तर बघू गं.

शुक्र. १३ मार्च

हाफ डे टाकून सरावाला निघालो. रियाला ईलिंगहून घेतलं. इथेच जन्मलेली पोरगी, आमच्याहून पाचसात वर्षांनी लहान, आईवडील नागपूरचे. मराठी बोलायची फार हौस, बहुतेक सगळं पुल्लिंगी करून. मृ. माझ्या शेजारून उठून मागे जाऊन बसली. "तिला एकटीला मागे कसं वाटेल." मी पुढे एकटी. ड्रायव्हर.

सकाळी उठून थालीपिठं लावली होती. रियाच्या आईने गुळपोळ्या दिल्या होत्या. मृ.ने थालीपिठाचा एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "संध्याकाळी खाऊ." गुळपोळ्या मात्र वाटेतच संपल्या. तूप लावून.

मग रियाचा आईला फोन, स्पीकरवर. "आई, या वीकेंडला मृणालताई माझा जोडीदार आहे."

मृ. हसून हसून लोळायची बाकी. "अगं, जोडीदार म्हणजे नवरा!"

"मग बडीला मराठीत काय म्हणायचा?"

 तिकडे काकूही हसत होत्या. मला हसू आलं नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला लिहू. म्हणजे जोड्या ठरल्याही होत्या, आणि मला कळलं ते असं, इंडिकेटर देता देता.

मुक्कामाच्या बी अँड बीत एक डबल रूम, एक सिंगल. सिंगल मला. "तुला कुणी शेजारी असलं की झोप लागत नाही ना." खरंय ते. म्हणून तर काही बोलता आलं नाही.

थालीपिठं अजून डब्यात.

शनि. १४ मार्च

दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. पाणी सात डिग्री. सूट, हूड, ग्लोव्ह्ज सगळं असून ओठांना आणि कपाळाला जे लागतं ते लागतंच. बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर येते तशी कळ.

कीथने काठावर खुणांची उजळणी घेतली. बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक. अंगठा म्हणजे वर चला (छान नव्हे, हे तो दर वेळी माझ्याकडे बघून सांगतो). तळहात आडवा धरून हलवला की काहीतरी गडबड आहे.

तेव्हा मृ.ने माझ्याकडे बघून हळूच तळहात हलवला आणि डोळे मिचकावले. ती आमची मेसमधली खूण. ती लांबच्या टेबलावरून भुवया उडवायची, भाजी कशी? मी हात हलवायचे. चालतंय, ठीकठाक, ये. अजून घरात हेच चालतं. ऑफिस कसं होतं? हात. तेवढ्या एका खुणेवर माझी सकाळ चांगली गेली, इतकी मी स्वस्तात पटते.

मग जोड्या. मृ. आणि रिया. मी आणि कीथ. शाळेत ज्या मुलीला कुणी गटात घेत नाही तिला बाई आपल्याबरोबर घेतात, तसं.

खाली एक जुनी बस बुडवून ठेवलीय. हिरवट अंधूक पाणी. बसच्या पलीकडे त्या दोघी दिसल्या. कुठलासा मासा होता, रिया दाखवत होती आणि मृ.ने तिचा हात धरला होता. ग्लोव्ह्जमधला जाडजूड हात. पूलमध्ये माझा धरायची तस्साच.

जळते मी. लिहून टाकलं. तेहेतिसाव्या वर्षी, मॉर्गेजच्या गोष्टी करायच्या वयात, मैत्रिणीने दुसरीचा हात धरला म्हणून जळते.

कीथने वर्तुळ करून विचारलं, ठीक? मी वर्तुळ केलं.

रवि. १५ मार्च

आज कीथने जोड्या बदलल्या. मृ. त्याच्याबरोबर, मी रियाबरोबर. मृ. म्हणाली, "सांभाळून घे तिला." कुणाला कुणाची काळजी घ्यायला सांगितली ते कळलं नाही. विचारलंही नाही.

रिया चांगली आहे पाण्यात. माझ्यापेक्षा बरी. हेही लिहायला नको वाटतंय.

बसपाशी थांबून तिने विचारलं, ठीक? माझ्या डोक्यात काय चाललं होतं? हेच, की मृ.ने हिच्यात पाहिलं काय. त्या तंद्रीत हात आपोआप आडवा झाला आणि हलला. ठीकठाक गं, चालतंय.

झालं. तिने एकदम माझा पट्टा पकडला, मास्क माझ्या मास्कजवळ आणला. काय होतंय? कुठे? मी नुसती बघत राहिले. तिने अंगठा वर केला. हळू, अगदी हळू, माझ्यावरची नजर न काढता ती मला वर घेऊन आली.

"काय झाला, ताई? कुठे दुखतो?"

तेव्हा सांगता आलं असतं. अगं, काही नाही, ती आमची जुनी खूण, चुकून झाली. दोघी हसलो असतो. पण मेसची खूण हिला का सांगू, असं वाटलं. ती तरी आमची राहू दे.

म्हणाले, "कान. डावा."

दुखत होतं पोटात, सांगितलं कानात.

त्या मुलीने नंतरचा डाइव्हही सोडला. माझ्या खांद्यावर जाकीट टाकलं, थर्मासमधला चहा दिला, आणि डबा उघडून माझं थालीपीठ खाल्लं. थंडगार, चिवट झालेलं. "मस्त आहे." दुसरंही घेतलं.

मग म्हणाली, "मृणालताई सारखा तुझा गोष्ट सांगते. हॉस्टेलचा. मला असा कोणी नाही. जेलसला मराठीत काय म्हणतात?"

"जळणं."

"ओके. मी जळतो तुझ्यावर."

"जळते," मी दुरुस्त केलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. "तू पण? कुणावर?"

"ग्रामर सांगतेय गं."

"ओ," म्हणाली आणि चहा प्यायली. माझे कान तापले होते. दोन्ही.

परतताना मृ. पुढे बसली, माझ्या शेजारी. रियाला ईलिंगला सोडलं. नंतर म्हणाली, "रिया म्हणाली तू हात असा केलास." आणि तळहात हलवून दाखवला.

"हो."

"आणि कान दुखत होता."

"हो."

"कुठला?"

"उजवा."

ती खिडकीबाहेर बघत बसली. डावा म्हणाले होते, ते मला पुढच्या राउंडअबाउटला आठवलं.

सोम. १६ मार्च

कीथचा मेसेज. डॉक्टर कान तपासत नाही तोवर पाण्यात यायचं नाही, स्कॉटलंडसुद्धा नाही. काळजी घे म्हणे. न दुखणारा कान आता कुठल्या डॉक्टरला दाखवू? खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, पोटातलंसुद्धा. रियाचाही मेसेज होता. "कान कसा आहे?" कान पुल्लिंगी, म्हणून हे वाक्य तिचं बरोबर आलं. उत्तर दिलं नाही.

मृ.ने अजून कीथला नाव कळवलेलं नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. दोघींनी मिळून भांडी घासली.

बुध. १८ मार्च

संध्याकाळी कुकर लावत होते. मृ. फोन हातात घेऊन किचनच्या दारात उभी राहिली. कीथला आजच कळवायचंय, म्हणाली.

"मग रियाचं नाव दे," मी म्हणाले. पाठमोरी.

"तुझा कान दुखत असेल तर देते. ती तर तयारच आहे." मग, "दुखतोय का?"

मी वळले. तिने बोटांचं वर्तुळ करून धरलं होतं आणि भुवया वर. ठीक? मेसच्या त्या लांबच्या टेबलावरून बघायची तशी.

माझा हात उठला, आडवा झाला, हलला. मी ठरवून केलं नाही. खरंच नाही.

ती हसली नाही. फोन तसाच हातात.

"केतकी, हा आपला हात की पाण्यातला?"

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला. ती अजून दारातच उभी होती.