करपलेला मुरांबा

ऑक्टोबर १९३८

प्रिय सोलांज,

तुझं पत्र पोचलं. म्युनिकहून परतलेल्या तुमच्या पंतप्रधानांवर लोकांनी फुलं उधळली. दिजोंमध्ये तू मेणबत्ती लावलीस, रस्त्यात अनोळखी बायकांच्या गळ्यात पडलीस. एतिएनला लढाईवर जावं लागणार नाही म्हणून रडलीस. पुढे लिहितेस, ‘हेडविका, तुझाही जीव भांड्यात पडला असेल ना?’

एतिएन तुझा मुलगा, पण माझाही आहे. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं. तो सुखरूप आहे याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला.

इथलं सांगते. आलुबुखाराचा मुरांबा लावला होता. आमची पद्धत तू पाहिली आहेस: अंगणात मोठा तांब्याचा हंडा, दिवसभर मंद जाळ, आणि आळीपाळीने ढवळणाऱ्या बायका. पुढचीने दांडा धरल्याशिवाय आधीचीने सोडायचा नाही, मग हात गळून पडला तरी बेहत्तर. शेजारच्या होरनातोवाबाईंनी खिडकीत रेडिओ ठेवला होता. दुपारभर त्या मला चिडवत होत्या. म्हणाल्या, “बाई, तुमच्या फ्रान्सला निरोप धाडा, येताना पाव घेऊन या म्हणावं. मुरांबा आमच्याकडे आहे.” सगळ्या हसल्या, मीसुद्धा. तसा करारच होता, हल्ला झाला तर ते मदतीला येतील याची खात्री होती म्हणून हसलो गं. याच गावात मी जन्मभर मुलींना फ्रेंच शिकवलं, आणि फ्रान्सने सही केली की फ्रान्स येतो, हेही शिकवलं.

संध्याकाळी रेडिओ बोलू लागला. चार देशांनी मिळून ठरवलं होतं, त्यांत तुमचं फ्रान्सही. प्रागहून गेलेल्या आमच्या माणसांना हॉटेलात बसवून ठेवलं, आणि आमचा सरहद्दीचा मुलूख हिटलरला देऊन टाकला. आमच्या सरकारने मान तुकवली. आमचं गाव त्याच मुलखात येतं. ढवळायची पाळी माझी होती. दांडा घ्यायला कुणी पुढे आलं नाही, आणि मीही तो सोडून दिला. करपल्याचा वास सुटला तेव्हा होरनातोवाबाईंनी हंड्यात डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “आता मुलींना काय सांगाल, बाई?” त्यात चिडवणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

माझा भाचा वोयतेख सरहद्दीवरच्या काँक्रीटच्या ठाण्यात होता. एकही गोळी न झाडता परत आला. चोवीस वर्षांचा घोडा माझ्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, माझा जीव वाचला म्हणून आनंद मानू नकोस मावशी, त्याची किंमत विचार.

आपल्या शाळेच्या वसतिगृहातली सिस्टर क्लेमांस आठवते तुला? काच फोडणारीला एक शिक्षा, आणि पाहून गप्प बसणारीला दुप्पट. केवढा अन्याय म्हणून आपण उशीत तोंड खुपसून तिला शिव्या द्यायचो. आता मला वाटतं, बाई शहाणी होती. काच फोडणारा कोण ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. माझं भांडण गप्प बसणाऱ्यांशी आहे, आणि त्यांच्यावर फुलं उधळणाऱ्यांशी.

आम्ही निघतोय. सामान हातगाडीवर, प्रागला बहिणीकडे. घराला कुलूप लावणार नाही, कशाला लावू? परसातली आलुबुखाराची झाडं फळांनी वाकली आहेत, ती आता दुसऱ्यांची.

तुझ्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती, म्हणून लिहायला बसले. नाहीतर तुला उत्तर दिलंच नसतं. ‘यंदाचा मुरांबा विसरू नकोस हं, एतिएन वाट बघतोय.’ मी विसरले नाही. सोबत बरणी पाठवतेय. हंड्याच्या तळाचा आहे, काळा आणि कडू. एतिएनला देऊ नकोस, त्याचा यात काही दोष नाही. पाव काप, जाडसर लाव, आणि तू खा. पुढच्या वर्षी मागू नकोस.

या पत्रापर्यंत तुझीच,
हेडविका